बिनदोऱ्याची खुंटी

उस्ताद,

तुम्ही गेलात त्याला एवढा काळ लोटला की तुमच्या कबरीपाशी लावलेली बाभूळसुद्धा आता कुणाच्या तरी चुलीत गेली असेल. मला लिहिता येत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. मी बोलायले आणि माझी सून लिहायली. सून शाळेत बाई आहे, म्हणून मी ‘हाय’ म्हणते तिथं ती ‘आहे’ लिहिते आणि ‘न्हाई’ म्हणते तिथं ‘नाही’. मी म्हटलं, असं केलंस तर उस्तादांना वाटेल दुसरीच कुणी बया भांडायला आली. ती मान वर न करता म्हणाली, “पण आत्या, त्यांना मराठी वाचता येत होतं का?” येत नव्हतं. तुम्हाला उर्दू यायची, मला काहीच नाही. म्हणजे हा कागद तुमच्या हातात पडला असता तरी तुम्ही तो उलटा धरून माझ्याकडे बघत बसला असता आणि मीही तुमच्याकडे. बरं झालं. मला जे बोलायचं ते बोलून घेते. मधे बोलायची तुमची सवय लय वाईट होती.

बहात्तरचा दुष्काळ सरला, सडकेची कामं बंद झाली आणि मी सरकारी गुलाबबागेत तुमच्या हाताखाली रोजानं लागले. आमची वस्ती पोखर्णीच्या रस्त्याला. सकाळची एसटी धरायची, ती नाही आली तर चालायचं. पहिल्या दिवशी तुम्ही फाटकात उभे होता, गळ्यात मफलर, हातात कात्री. विचारलंत, “खडी फोडली का दुष्काळात?” मी म्हटलं, “फोडली.” तुम्ही म्हणालात, “मग हितं जपून. दगडाला राग येत न्हाई, गुलाबाला येतो.” पुढं पुढं त्या मफलरीला गंधकाचा वास यायला लागला. बायका पदरानं नाक धरायच्या आणि तुम्ही सांगायचात की खरजेचं मलम आहे. वर्षानुवर्षं खरूज असलेला माणूस मी तुमच्याशिवाय पाहिला नाही, आणि तुम्हाला खाजवताना तर कुणीच पाहिलं नाही. तेव्हाच माझ्या डोक्यात उजेड पडायला हवा होता. पण मी तुमच्या हाताकडे बघत होते. कलम करताना एका काडीचा डोळा काढून दुसऱ्या काडीत असा बसवायचात की झाडाला कळू नये. मला वाटायचं, या माणसाचं सगळंच असं नीट बसलेलं असणार.

त्या वेळी बागेवरच्या साहेबांना वेगळे गुलाब हवे होते. फुलदाणीतले नव्हेत, हारातले नव्हेत. दवाखान्यापुढे, शाळेच्या कुंपणाला, सडकेच्या कडेला लावायचे. ज्यांच्याकडे बघायला माळी नसतो असे. हैदराबादेहून, बंगळुराहून, कुठून कुठून रोपं आली आणि विहिरीमागच्या शेतात ओळीनं लागली. अट अशी की पाणी सगळ्यांना सारखं, बाकी काही नाही. औषध नाही, भुकटी नाही, छाटणीसुद्धा नाही. दोन पावसाळे आणि दोन हिवाळे जे आपल्या जोरावर हिरवं राहील ते खरं. माझं काम नुसतं बघायचं. बाकीच्या बाया वाफ्यात वाकलेल्या आणि मी ओळींतून फिरायले, म्हणून त्या मला चिडवायच्या, “बघा बघा, मालकीणबाई झाडं मरायलीत का ते बघायला निघाल्या.” तुम्हाला मराठी लिहिता येत नव्हतं, मला कुठलंच; म्हणून तुम्ही दोऱ्याची युक्ती काढलीत. प्रत्येक झाडाशेजारी बाभळीची खुंटी. हिवाळ्यात पानावर पीठ सांडल्यासारखी भुरी आली की खुंटीला पांढरा दोरा. पावसाळ्यात काळे ठिपके पडून पानं गळाली की काळा. शेंड्यापासून काडी वाळत खाली आली की तांबडा. साहेब यायचे, दोरे बघायचे आणि इंग्रजीत उतरवून न्यायचे. पहिला हिवाळा सरेपर्यंत त्या शेताला दर्ग्याच्या जाळीची कळा आली होती. बंगळुराहून आलेल्या एका लाल गुलाबाच्या खुंटीला तिन्ही रंगांचे दोरे होते. तुम्ही त्याला नवरी म्हणायचात.

त्या शेताच्या कोपऱ्यात माझं झाड होतं. माझं म्हणजे खरंच माझं. छाटून टाकलेल्या एका फांदीला फळं धरली होती, बोराएवढी, नारिंगी. मी ती फोडून बिया फुटक्या कुंडीत पेरल्या. तुम्ही म्हणालात, “गुलाब काडीनं होतो बेटी, बीनं ज्वारी होती.” तरी रोपं उगवली, आणि त्यातलं एक तगलं. बुटकं, पसरट, फिक्या गुलाबी फुलांचे घोस, पाऊस असो की ऊन, फुलायचं थांबायचं नाही. काटे मात्र माझ्या सासूच्या जिभेसारखे. (सूनबाईची लेखणी थांबली. मी म्हटलं, लिही, माझ्या सासूच्या. तुझ्या सासूचं तू तुझ्या सुनेला सांग.) तुम्ही ते झाड कितीतरी वेळ वाकून बघितलंत आणि साहेबांना न विचारता ओळीच्या शेवटी लावलंत. खुंटी मी ठोकली.

आता तो हिवाळ्यातला दिवस. मी सकाळी येते, पानांवर दहिवर आहे, आणि माझ्या झाडाच्या एका कोवळ्या पानाला पांढरं काहीतरी लागलेलं आहे. बोटानं पुसते, जात नाही. मी इकडे तिकडे बघते, पान खुडते आणि पदराच्या गाठीत बांधते. मागं तुम्ही उभे आहात. तुम्ही ओरडत नाही. गाठ सोडायला लावता, पान तळहातावर घेता आणि मला कडुलिंबाखाली दगडावर बसवता, शेताकडे तोंड करून, दिवसभर. दुपारी बायका भाकरी खायला येतात आणि माझ्याकडे बघत नाहीत. संध्याकाळी तुम्ही येऊन म्हणता, “तू झाडाला मदत केली. मदत केलेलं झाड इम्तिहानात बसत न्हाई. उद्या दुसऱ्याच्या अंगणात त्याला कोन मदत करनार? झाड मरू दे, झूट नक्को.” मग म्हणता, “आजचं एक पान वाऱ्यानं गेलं समज. दोरा नक्को बांधू. पुन्हा दिसलं तर मात्र बांध.”

पुन्हा दिसलंच नाही. तो हिवाळा गेला, दुसरा आला, शेजारची झाडं पांढरी झाली, आणि माझं आपलं हिरवंगार. मला वाटलं, झाडानं तुमचं बोलणं मनावर घेतलं. हसू नका, तेव्हा मला तसंच वाटलं होतं. एकदा फाल्गुनात त्याच्या पानांच्या कडा करपल्या. मी विचारलं, “उस्ताद, हे काय?” तुम्ही म्हणालात, “ऊन लागलं.” “बाकीच्यांला कामून लागलं न्हाई?” “बाकीचे जाड कातडीचे.” आणि आपण दोघं हसलो. गंधक उन्हात पानं जाळतं हे मला फार उशिरा, एका दुकानदारानं सांगितलं. तेव्हा तुमचं ते हसू आठवलं आणि माझ्या हातातली पुडी खाली पडली.

शेवटी साहेब आले तेव्हा सगळ्या शेतात माझी एकच खुंटी बिनदोऱ्याची होती. ते त्या खुंटीला हात लावून उभे राहिले, जसं काही तीच फुलली होती. म्हणाले, याची रोपं करा. ते गेल्यावर तुम्ही तुमचा शिंगाच्या मुठीचा चाकू काढलात, धोतरानं पुसलात आणि माझ्या हातावर ठेवलात. “माझ्या उस्तादाचा. आता तुझा.” मी घरी येईपर्यंत एसटीत तो चाकू पदराखाली धरून बसले होते. कंडक्टरला वाटलं पोर झोपलंय.

वस्तीवर तेव्हा नवा विहार बांधला होता. पत्र्याचं छप्पर, दारात पंचशील झेंडा, आणि रस्त्यापासून दारापर्यंत उघडी वाट. बायकांना त्या वाटेच्या दोन्ही बाजूंनी फुलझाडं हवी होती. मी म्हटलं, माझं लावा. त्याला काही लागत नाही, ते आजारी पडत नाही, पाणी तेवढं घाला. पाणी तेवढं! हे तोंडानं म्हणायला काय जातं? आमची विहीर लांब, आणि दुष्काळ जाऊन फार काळ झाला नव्हता. घागर उतरवताना बायका अजून थेंब सांडू द्यायच्या नाहीत. तरी त्यांनी माझ्या शब्दावर पाणी घातलं. कुणी तांदळाचं धुवण आणलं, कुणी लेकराला आंघोळ घातलेलं पाणी. पाऊस उघडल्यावर तुम्ही ती ओळ बघायला आलात. बायकांनी तुम्हाला बाजेवर बसवलं, चहा दिला, आणि माझी चुलत सासू, जी कुणावरच विश्वास ठेवायची नाही, तिनं तोंडावर विचारलं, “उस्ताद, हिचं झाड खरंच आजारी पडत न्हाई का? ही लय फुशारकी मारायली.”

तुम्ही कपाकडे बघितलंत. मग म्हणालात, “हिच्या हाताला बरकत हाय.”

सगळ्या बाया खूश. मी तर विचारूच नका. तुम्ही ना हो म्हणालात ना नाही, हे त्या दिवशी कुणाच्याच ध्यानात आलं नाही. जाताना तुम्ही ओळीच्या शेवटच्या झाडापाशी थांबून एक पान उलटं करून बघितलंत. मला वाटलं, कौतुक करायलेत.

थंडी पडली आणि ओळ पांढरी झाली. एका झाडाला नाही, सगळ्या ओळीला, कुणी दोन्ही बाजूंनी चुना मारावा तशी. कळ्या वेड्यावाकड्या होऊन तिथंच सुकल्या, मग शेंडे वाळले. आत वंदना चालायची. आम्ही सगळ्याजणी हात जोडून म्हणायचो की खोटं बोलण्यापासून दूर राहीन, आणि माझे डोळे दारातून बाहेर त्या झाडांवर. मी धावत तुमच्याकडे आले. माझं झाड तुमच्या शेतात हिरवं उभं होतं. मी म्हटलं, “हितं हिरवं आन् तितं पांढरं. उस्ताद, कामून?” तुम्ही कात्रीचा पेच आवळत होता. तो आवळलेलाच होता. तुम्ही वर न बघता म्हणालात, “तुमची माती खराब हाय.”

उस्ताद, मी ते वाक्य जसंच्या तसं वस्तीवर नेलं. बायकांना सांगितलं, झाडाचा दोष नाही, आपली माती खराब आहे. आमच्या लोकांना आयुष्यभर कुणी ना कुणी हेच सांगत आलं होतं, की दोष तुमच्यातच. आता ते मी सांगितलं, आणि तेही तुमच्या नावानं. चुलत सासू म्हणाली, “माती खराब? आपुन सगळ्या तिच्यातच उगवलोत की.” कुणी हसलं नाही. मी ऐकलं नाही. आम्ही ओढ्याचा गाळ टोपल्यांनी आणून खड्डे बदलले, पुन्हा काड्या लावल्या, पुन्हा बायकांनी पाणी घातलं, आणि पुढच्या थंडीत पुन्हा तेच. त्या दिवशी एका बाईनं भरून आणलेली घागर ओळीपाशी आणली, झाडांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि डोक्यावरून न उतरवता तशीच घरी नेली. ती बाई तोंडानं काही बोलली असती तर बरं झालं असतं. मग ती झाडं उपटली आणि तिथं मेंदी लावली. मेंदीला खरंच काही लागत नाही.

त्याच थंडीत तुमची छाती भरली आणि तुम्ही गेलात. मी तुमच्या घरी चाचीला, तुमच्या बायकोला, भेटायला आले. बायका बसल्या होत्या, मीही कोपऱ्यात बसले. चाचीनं मला जवळ घेतलं, रडली, आणि रडता रडता म्हणाली, “तेरे झाड कू अब भुकटी कौन मारेंगा, बेटी?”

मला आधी कळलंच नाही. मी म्हटलं, “कसली भुकटी?”

तिला वाटलं मला ठाऊक आहे. ती उठली आणि फडताळातून पत्र्याचा डबा आणि मलमलची पुरचुंडी घेऊन आली, पिवळी धमक, तुमच्या मफलरीच्याच वासाची. म्हणाली, थंडीत रोज फजरला उठायचे, दहिवर असतं तोवर भुकटी चिकटते म्हणायचे, मफलर तोंडाला बांधून जायचे आणि येऊन खोकत बसायचे. मी म्हटलं, कामून? चाची म्हणाली, “बोलते थे, बच्ची का एक तो खडा रहने दो.” मी तो डबा हातात घेऊन बसले. बाकीच्या बायकांना वाटलं, मी तुमच्यासाठी रडायले.

मी तुमच्यासाठी रडत नव्हते. अंगाचा नुसता संताप झाला होता आणि भांडायला समोर माणूस नव्हता. बच्ची म्हणे. दुष्काळात पोट बांधून खडी फोडलेली बाई मी. माझी दोन लेकरं माझ्या हातानं मातीत ठेवलेली. ती बाई एका झाडाच्या भुरीनं मोडली असती असं वाटलं तुम्हाला? एक पांढरा दोरा मला सोसला नसता? मला एक पान खुडलं म्हणून दिवसभर दगडावर बसवलंत. तो दगड मला मान्य होता, उस्ताद. तुमचं त्या दिवशीचं बोलणं मी आयुष्यभर खरं मानलं. आणि दुसऱ्या पहाटेपासून तुम्हीच पुरचुंडी घेऊन निघालात. बरं, झाडावर भुकटी मारलीत ती मारलीत. माझ्या सुखासाठी मारली म्हणा. पण वस्तीवर बाजेवर बसला होता तेव्हा एका शब्दानं सगळं मिटलं असतं. बायका हसल्या असत्या, मी चार दिवस तोंड लपवलं असतं, आणि ते पाणी कुणाच्या तरी हंड्यात राहिलं असतं. त्याऐवजी तुम्ही आमच्या मातीवर आळ घेतलात. झाडाला वाचवायला भुकटी होती तुमच्यापाशी. मातीला वाचवायला कोण होतं?

मी त्याच दिवशी त्या शेतात गेले, माझी खुंटी उपटली आणि पदराखाली घालून घरी आणली. झाड तिथंच राहिलं. त्या वर्षी कुणी भुकटी मारली नाही. पुढचं मला बघवलं नाही, मी काम सोडलं.

आता इथं पालमला आमच्या दारात सूनबाईचा गुलाब आहे. नर्सरीतून आणलेला, केशरी, चांगला डेरेदार. येणाऱ्या जाणाऱ्याला ती सांगते, काही न मारता असा राहतो, शाळेतल्या बायका काड्या मागायल्यात. मी तेव्हा तांदूळ निवडत असते आणि एक अक्षर बोलत नाही. सूनबाई, हे लिही. थंडी पडल्यापासून रोज सकाळी, तू उठायच्या आधी, मी त्याला गंधक मारायले. पुरचुंडी तीच, चाचीनं दिलेली.

लेखणी थांबली, उस्ताद. ती माझ्याकडे बघायली. मी खिडकीकडे.

“आत्या, कामून?” ती म्हणाली. ‘का’ नाही म्हणाली. भांडणात शाळा विसरते.

मी म्हटलं, “तू लय खूश होतीस म्हणून.”

ती उठली, दारात गेली, झाडाची पानं उलटी करून बघत कितीतरी वेळ उभी राहिली. मला वाटलं आता घरात जाईल आणि चार दिवस बोलणार नाही. आली, बसली, कागद सरळ केला. म्हणाली, “उद्यापासून मारू नका. आन् दोन बायांना काड्या दिल्यात मी, त्यांना आजच सांगून येते.” मग म्हणाली, “पांढरा दोरा कुठं असतो?” मी म्हटलं, “शिवणाच्या डब्यात.” तिनं तो काढून दारातल्या खिळ्याला अडकवून ठेवला, उद्यासाठी, परवासाठी, कधी लागेल तेव्हासाठी. चेहरा अजून फुगलेलाच आहे. लिही, लिही, फुगलेलाच आहे. पण माझ्यापेक्षा धीराची निघाली, आणि तुमच्यापेक्षा तर कितीतरी.

हा कागद कुठं पाठवायचा ते मला ठाऊक नाही, आणि तुम्हाला सोडून दुसऱ्याला दाखवायचा नाही. भुकटीच्या डब्यात ठेवते. आता तो रिकामाच राहणार. राहिलं एकच. माझी ती खुंटी अजून माझ्या खाटेच्या उशाशी उभी आहे. बाभळीची, काळी पडलेली, एकही दोरा नसलेली. खरं कळलं त्या दिवसापासून तिला पांढरा दोरा बांधायला हवा होता. मी किती वेळा दोरा हातात घेतला. सगळ्या शेतात एकटी माझी खुंटी बिनदोऱ्याची, आणि साहेब तिला हात लावून उभे, आणि तुम्ही धोतरानं चाकू पुसताय, हे सगळं खोटं होतं हे मला कळतं.

मी अजून बांधला नाही.